जांभळ्या पानाचा भात

ज्यांचे नावही मी विचारले नाही, त्यांच्याविषयी लिहितो आहे; आगाऊपणाची क्षमा असावी. कर्जतच्या सरकारी भातशेतीवरचे ते एक कामदार; माणसाऐवजी पानाकडे बघत बोलत. आमच्या खाचरात देवभात माजला होता. दिसायला भातासारखाच हिरवा, पण दाणे पिकताच गळणारा. त्यांनी जांभळ्या पानाचे बियाणे दिले. “हिरवं दिसेल ते उपटा.”

“पान जांभलं, मंग दाना काला नाय होनार?” वडिलांनी विचारले.

“पानाचा रंग वेगळा, दाण्याचा वेगळा. बियाण्यातच ठरलेलं असतं.”

आम्हाला ते पटले नाही. शिवाय शेत बघायला आले की आमच्याकडे जेवताना ते स्वतः कधी भात घेत नसत, भाकरीच मागत. वर्षाचे धान्य पणाला लावून वडिलांनी पेरले. मी कॉलेजात परतलो.

दिवाळीनंतर गावाकडून कळले, दाणा पांढरा निघाला. तरी वडिलांनी पहिले ताट त्यांच्यापुढे ठेवले. “आदी तुमी खावा.” त्यांनी पुन्हा भात मागितला, तेव्हा कुठे आई घरच्यांना वाढायला उठली.