गिळलेली शिवी

रविवारी उपासना सुटली आणि चर्चच्या फाटकात कुणाच्या तरी स्कूटरने याकोबच्या टेम्पोचा आरसा फोडला. आमच्या मंडळीतला हा टेम्पोवाला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं एक वाक्य शिवीशिवाय पुरं होत नसे. त्याने तोंड उघडलं, थांबला, आवंढा गिळला आणि म्हणाला, “अहो, लागलं नाही ना तुम्हाला?”

त्या क्षणभराच्या थांबण्याचा मला हेवा वाटला. मी जन्मापासून मंडळीत. शिवी नाही, दारू नाही. त्यामुळे सोडलं म्हणून सांगावं असं माझ्यापाशी काहीच नाही. माझी सवय कुणाला ऐकू येत नाही. दुसरा कधी घसरतो याची मी वाट बघत असतो. आत्ताही, नुकतंच गीत गाऊन बाहेर आलेला मी, याकोबने शिवी द्यावी म्हणून कान टवकारून उभा होतो.

काचा गोळा करत तो म्हणाला, “दादा, आज अगदी जिभेवर आली होती बघा. प्रार्थना करा माझ्यासाठी.”

“तूच माझ्यासाठी कर,” मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला. “काय दादा, गरिबाची चेष्टा करता!”

तेव्हाच त्याला खरं सांगायला हवं होतं. मीही हसलो.