स्वच्छ जागेवरची मोहफुलं

लॅबचा रिपोर्ट मी तिसऱ्यांदा वाचत होते. वाचून वाचून आकडा बदलतो की काय, अशा आशेने. ओलावा: पास. माती-खडे: पास. कीड: पास. शेवटची ओळ, ई. कोलाय: फेल. बेचाळीस पोती वाळलेली मोहफुलं गोदामाच्या कोपऱ्यात लाल पट्टीमागे अडवलेली उभी होती.

ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू. जनावराच्या किंवा माणसाच्या. तो खाण्याच्या वस्तूत सापडला, म्हणजे तिला कुठेतरी शेण किंवा मैला लागलाय. त्यात दुसरा अर्थ काढायला जागा नसते.

मी नागपूरच्या एका कंपनीत क्वालिटी बघते. आम्ही मोहफुलांचे एनर्जी बार बनवतो. हा माल चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावच्या बायकांच्या गटाचा. आमच्या भाषेत याला स्ट्रॅटेजिक सोर्सिंग म्हणतात. बाजारात दिसेल तो माल उचलायचा नाही. एक गाव धरायचं, तिथल्या लोकांना शिकवायचं आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घ्यायचं. ऐकायला फार छान वाटतं. गटाच्या प्रमुख ताराबाई कुळमेथे. आमच्या भरवशावर त्यांनी त्या हंगामात गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं. तो चिडून गेला तो परत फिरकला नाही. म्हणजे आता त्या गावच्या मोहाला आमच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं, आणि हे मला नीट माहीत होतं.

मी शोध सुरू केला. आधी टेम्पो. ड्रायव्हरला विचारलं, आदल्या फेरीत बकऱ्या नेल्या होत्या का? नव्हत्या. पोत्यांच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कोऱ्या होत्या. आमच्या गोदामात उंदीर नव्हते. दुसऱ्या लॅबला सॅम्पल पाठवलं. तिथेही फेल. शेवटी मला आठवलं. वाळवणाआधी, झाडाखाली लावलेल्या जाळीवरून उचललेल्या ओल्या फुलांचं सॅम्पल मीच हंगामाच्या सुरुवातीला मागवून घेतलं होतं, आणि ते पास होतं. म्हणजे घोळ झाडाखाली नव्हता. वाळवण्यात होता.

पण वाळवण्याची जागा तर मी स्वतः पाहिली होती! फेब्रुवारीत ऑडिटला गेले तेव्हा गेल्या वर्षीच्या ताडपत्र्या अंगणात पसरलेल्या होत्या. मळलेल्या, डागाळलेल्या, पण धुता आल्या असत्या. मी नाक मुरडलं आणि शेऱ्यात लिहिलं, "वाळवणाची जागा अस्वच्छ. स्वच्छ जागेवर वाळवावे." महिन्याभराने ताराबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मी मीटिंगमध्ये होते. अंगण लख्ख दिसलं, अंगठा पाठवला आणि चेकलिस्टवर लिहिलं, सुधारणा झाली.

गाडी घेऊन मी सकाळीच गावात पोचले. मोहाचा हंगाम संपत आला होता. ताराबाईंच्या अंगणात शेवटची फुलं वाळत होती. ताडपत्री कुठेच नव्हती. फुलं थेट जमिनीवर होती, आणि जमीन शेणाने सारवलेली होती. ताजी, गुळगुळीत, एका रेषेत हात फिरवलेली.

मी ओसरीवर बसले.

"ताराबाई, ताडपत्र्या कुठे गेल्या?"

"त्या तं काढून टाकल्या, मॅडम. तुमीच मनले ना, मळल्या हायेत मनून. स्वच्छ जागेवर वाळवा मनले. तवापासून आमी रोज सकाळी सारवून राह्यलो. आंगन सुकलं का मंगच फुलं टाकतो."

"रोज?"

"रोज. सगळ्या घरी. पह्यले इतकं करत नोहतो, सणावारालेच करत होतो. तुमच्या मालासाठी रोज केलं. काऊन? कुठी कमी पडलं का?"

कमी पडलं नव्हतं. ताजी मोहफुलं मधासारखी चिकट असतात. खाली जे असेल ते धरून बसतात. आणि खाली माझ्या सूचनेमुळे रोज शेणाचा नवा थर पडत होता. या बायका वर्षानुवर्षं करत होत्या तेच करत राहिल्या असत्या, तर माल पास झाला असता. मी सुधारणा करायला गेले आणि त्यांनी ती जीव ओतून केली.

मी काही लंडनहून आलेली नाही. पोंभुर्ण्याजवळच्याच मूल गावची आहे. माझी आई आजही अंगण सारवते आणि सारवल्यावर कंबर सरळ करत म्हणते, आता कसं स्वच्छ झालं. मायक्रोबायॉलॉजी शिकून मी तो शब्द दुसऱ्या अर्थाने वापरू लागले, आणि पहिला अर्थ विसरले. फोटो पुन्हा काढून पाहिला. सारवताना फिरलेल्या हाताच्या खुणा त्यात स्पष्ट दिसत होत्या. लाज वाटली. आजही वाटते.

नागपूरला परतून मी सोर्सिंग हेडच्या केबिनमध्ये गेले.

"सर, चूक आपल्या सूचनेत आहे. ताडपत्र्या दिल्या आणि दोन तास शिकवलं की पुढचा माल पास होईल."

"सुजाता, फॉर्ममध्ये रूट कॉज काय टाकणार?"

रूट कॉज म्हणजे दोषाचं मूळ. ते सिस्टिममध्ये यादीतूनच निवडावं लागतं. मी यादी उघडली. व्हेंडरची अस्वच्छता, व्हेंडरचं अपुरं प्रशिक्षण, वाहतूक, साठवण. मी हसले की रडले, आठवत नाही.

"आपली चूक लिहायला इथे पर्यायच नाही, सर."

"असता तरी लिहू दिला नसता. उद्या कस्टमरचा ऑडिटर विचारेल, तुमच्या बाकी व्हेंडर्सना हीच सूचना गेली का? गेलीये ना?"

गेली होती. शब्दन् शब्द तीच.

"मग सगळ्यांचाच माल संशयात येईल आणि प्लँटच बंद पडेल. एक व्हेंडर ब्लॉक करणं सोपं आहे. आणि माल शेजारच्या राज्यातून मिळतोय. सेकंड सोर्स कशासाठी ठेवतो आपण?"

ते वाईट माणूस नव्हते. बाकीच्यांना त्याच दिवशी दुरुस्त सूचना पाठवायला मला परवानगी दिली. वाफेने जंतू मारता येतील का, तेही त्यांनी विचारलं. मी करून पाहिलं. फुलांचा गिच्च लगदा झाला. निदान पोती परत देऊ, असं म्हटलं, तर नियम असा की फेल झालेला माल कंपनीबाहेर जाऊ द्यायचा नाही. तो पुन्हा कुणाच्या खाण्यात आला तर? नियम बरोबर आहे. मी स्वतःच तो मीटिंगमध्ये मंजूर करून घेतला होता. बेचाळीस पोती माझ्या सहीने भट्टीत गेली.

फॉर्मवर मी "व्हेंडरची अस्वच्छता" निवडलं. रोज पहाटे उठून अंगण सारवणाऱ्या बायकांच्या नावापुढे.

सांगायला मीच गेले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. सगळ्या बायका ताराबाईंच्या अंगणात जमल्या. मी काही लपवलं नाही. माल जाळला, नाव ब्लॉक झालं, पुढच्या वर्षी कंपनी येणार नाही.

मग ताराबाई म्हणाल्या, "चूक तुमची होती, हे सायबाले सांगतलं का?"

"सांगितलं."

"मंग?"

"कागदावर आमची चूक लिहायला जागा नाही."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "बरं, मंग वाळवाचं कसं, ते तं नीट सांगा. अर्धवट नोका ठेवू."

मी सांगितलं. ताडपत्री साबणाने धुवायची, बांबूच्या मांडवावर, जमिनीपासून गुडघाभर वर बांधायची. कोंबड्या येऊ द्यायच्या नाहीत. हात धुवायचे. एकीने सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, दुसरीने चुकलेलं दुरुस्त केलं. तासाभरात ते गाव माझ्या यादीतल्या कुठल्याही व्हेंडरपेक्षा चांगलं तयार झालं होतं.

आता मी कुठल्याही सूचनापत्रात "स्वच्छ" हा शब्द लिहीत नाही. काय करायचं आणि काय करायचं नाही, ते एकेक लिहिते. "शेणाने सारवू नये" ही ओळ सगळ्यात वर असते. नव्या व्हेंडर्सचा माल पास होतो. पोंभुर्ण्याच्या पुढचं ते गाव अजून ब्लॉक्ड आहे, आणि सिस्टिममध्ये त्याच्यासमोरचं कारण माझ्याच लॉगिनने भरलेलं आहे.