शेळीचोराच्या घरचे पोहे

गुन्हेगार माणूस सुधारतो का, असं कुणी विचारलं की मला आमची काळी शेळी आठवते.

आमचा शेजारी तरुणपणी शेळीचोर होता. उचललेली शेळी 'बें' म्हणून करायची नाही, असा हात! बीडच्या तुरुंगात राहून आला, मग वीस वर्षं गवंडीकाम केलं. तरी गावात कोंबडी दिसेना झाली की लोक आधी त्याच्याच अंगणात डोकावायचे. आमची तर भिंतीला भिंत. मला फार चालावंही लागायचं नाही.

त्या दिवशी शेळीचं दावं रिकामं दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. पदर खोचून तडक त्याच्या दारात गेले. "काढा माझी शेळी बाहेर! जित्याची खोड मेल्याशिवाय जाती व्हय?"

आत त्याच्या पोरीला बघायला केजचे पाहुणे आलेले, हातात पोह्यांच्या बशा. पोरगी चहाचा ट्रे धरून जागीच थिजली. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, घर बघा."

आणि मी बया खरंच बघितलं. पलंगाखालीसुद्धा!

घरी परतले तर नवरा शेळी घेऊन दारात उभा. "माजावर आलती. खालच्या आळीला बोकडाकडं नेलती."

"मंग सांगून जायला जीभ झडलती का तुमची?"

पाहुणे तोवर उठून गेलेले. तशीच फाट्याकडं पळाले. पाहुणे बसलेली जीप अजून भरली नव्हती. मुलाच्या आईपुढं हात जोडले. "शेळी घरातच हाय, बाई. तोंड माझं नासकं. त्या पोरीचं जमलेलं मोडू नका."

बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुरुंगाचं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. शेजारणीचं तेवढं सांगितलं न्हाई."

लाज वाटली. लई वाटली.

लग्न ठरलं. लग्नाच्या सकाळी शेजाऱ्यानं दागिने ठेवलेल्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. एवढी भावकी असताना मला!

"मला कशापायी?"

"तुमच्या नजरंतून काय सुटतंय, वहिनी? पलंगाखालचंबी दिसतं तुमाला," तो म्हणाला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेला.

दिवसभर मी त्या दारात बसून राहिले. जेवायलाही उठले नाही.