बगळ्याची मूळ फाइल

वहिनींच्या दुकानातला जुना संगणक एका सोमवारी सकाळी बसला तो बसलाच. बटण दाबलं की पंखा घरघरायचा आणि लगेच गप्प व्हायचा. वहिनींनी वायरी काढून पुन्हा लावल्या, मागची धूळ फुंकली, वरून एक चापटही मारून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

वहिनी म्हणजे सगळ्यांच्याच वहिनी. नवऱ्याच्या मित्रांनी सुरू केलेली हाक गिऱ्हाइकांनी उचलली आणि पुढे दुकानाच्या पाटीवरही तीच आली. काम भरतकामाचं, पण मशीनवरचं. शाळांच्या गणवेशाचे खिसे, हॉटेलांचे टॉवेल, डॉक्टरांच्या कोटांवरची नावं. सहा सुयांचं मशीन खडखडत असताना कुठला दोरा संपत आलाय हे वहिनींना पाठमोऱ्या उभ्या असतानाही कळायचं. मशीनला कुठे टाका घालायचा हे सांगणाऱ्या सगळ्या फाइली मात्र त्या बसलेल्या संगणकात होत्या.

आणि नेमकं तेव्हाच पोहण्याच्या क्लबचं काम अंगावर होतं. क्लबचं चिन्ह म्हणजे एका पायावर उभा बगळा. दरवर्षी तो शर्टांच्या छातीवर यायचा. यंदा सेक्रेटरींना तो टोप्यांवरही हवा होता.

वहिनींनी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. हे काका वहिनींपेक्षा चांगले सात-आठ वर्षांनी लहान, पण टक्कल लवकर पडल्यामुळे सगळ्या गल्लीचे काका झाले होते. त्यांनी डबा उघडला, आत नाक खुपसलं आणि संगणकाचा नाद सोडा म्हणून सांगितलं. मग स्क्रू काढून आतल्या दोन हार्ड डिस्क टेबलावर ठेवल्या.

"पेटी गेली. माल आत शाबूत असेल," ते म्हणाले.

नवा लॅपटॉप आला तो वहीसारखा पातळ. जुन्या डिस्कला मागे कंगव्यासारखे पिनांचे दात, आणि लॅपटॉपच्या कडेला नखाएवढी दोन भोकं. दोघांची सोयरीक जमायची कशी, हा वहिनींचा प्रश्न. काकांनी पिशवीतून एक अॅडॉप्टर काढला. त्याचं एक तोंड दातांवर बसायचं, दुसरं लॅपटॉपला लागायचं, आणि डिस्कला वीज द्यायला त्याची वेगळी वायर होती.

पहिली डिस्क लावली तर तिने आतून टकटक केलं आणि ती थंड पडली. काकांनी ती कानाशी धरली, पुन्हा लावून पाहिली आणि मान हलवली. मोठ्या शहरात अशा डिस्क उघडणारे लोक आहेत, पण तेही खात्री देत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्या डिस्कवर लहान मुलींच्या झग्यांची फुलं-पाखरं होती. वहिनींना वाईट वाटलं, पण बगळा तिच्यावर नव्हता. त्यांनी ती बाजूला ठेवली.

दुसरी फिरायला लागली. पडद्यावर प्रश्न आला की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? वहिनींचं बोट 'हो'कडे निघालंच होतं. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"वहिनी, 'हो' म्हणालात की सगळं कोरं होईल. वायर नीट बसली नसेल तरी हा असंच विचारतो."

त्यांनी वीज बंद करून वायर काढली, पुन्हा दाबून बसवली. आता डिस्क दिसली, फोल्डरही दिसले, पण उघडेनात. आत जायची परवानगी नाही, असं पडद्यावर आलं. माझ्याच वस्तूला हात लावायची मला परवानगी नाही म्हणजे काय, असं वहिनींनी फणकाऱ्याने विचारलं. काकांनी समजावलं की फोल्डर जुन्या संगणकावरच्या नावाने आहेत आणि नव्याला तुम्ही परक्या वाटताय. आता मालक तुम्ही, हे त्याला एकदा सांगावं लागतं. त्यांनी ते सांगितलं. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकली. कुठलीही फाइल उघडायच्या आत त्यांनी सगळंच्या सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं, कारण इतकी जुनी डिस्क उद्या फिरेलच याचा भरवसा नव्हता.

दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'टाके', दुसऱ्याचं 'वन्सं'.

वन्सं म्हणजे वहिनींच्या थोरल्या नणंदबाई. दुकान मुळात दोघींनी मिळून काढलं होतं. वन्सं संगणकावर चित्र काढायच्या आणि वहिनी त्याचे टाके बसवायच्या. चांगलं चाललं होतं. मग एकदा घाईच्या दिवसांत, 'वन्सं नुसती चित्रं काढत बसतात, दुकान मी ओढते,' असं वहिनी एका गिऱ्हाइकापाशी बोलून गेल्या. ते वन्संच्या कानावर गेलं. त्या भांडल्या नाहीत. पर्स उचलली आणि घरी गेल्या. पुढे दोन गल्ल्या सोडून त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. चित्र काढायचा प्रोग्राम ज्याच्याशिवाय चालतच नसे, ती संगणकाला लावायची अंगठ्याएवढी हिरवी चावी त्याच पर्समध्ये होती. म्हणजे चित्रं वहिनींकडे राहिली आणि ती उघडायची चावी वन्संकडे. दोघींनीही एकमेकींकडे काही मागितलं नाही. वहिनींचे यजमान दोन्ही दुकानांत चहा प्यायचे आणि इकडचं तिकडे काही बोलायचे नाहीत. त्यामुळे घरात शांतता होती.

इतकी वर्षं वहिनींचं अडलं नव्हतं, कारण टाक्यांची फाइल मशीनला तशीच देता यायची. आता त्यांनी बगळ्याची तीच फाइल टोपीसाठी लहान केली आणि चिंधीवर चालवून पाहिली. शर्टावरचे सगळे टाके तेवढ्याशा जागेत दाटीने आले. बगळ्याचा कापसाचा बोळा झाला आणि सुई मोडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मूळ चित्रावरूनच नव्याने टाके पाडायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी बगळ्याची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन वन्संच्या दुकानी गेल्या. घरच्या कार्यांत दोघी शेजारी बसायच्या, पण या उंबऱ्याच्या आत वहिनी कधी आल्या नव्हत्या. हे दुकान वहिनींच्या दुकानापेक्षा लहान होतं. दोऱ्यांची रिळं मात्र रंगाप्रमाणे लावलेली, जशी वन्सं पूर्वी लावायच्या. वन्संनी चष्म्यावरून पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि काम विचारलं. वहिनींनी आडपडदा न ठेवता सांगितलं. संगणक कसा गेला, डिस्क कशी उघडली, सुई कशी मोडली.

वन्संनी हात पुढे केला, ड्राइव्ह घेतला, लावला. चित्र उघडलं. बगळ्याची मान, चोच, पाण्याच्या तीन रेघा. वन्संनी पडद्यावर त्याच्या पायाशी बोट टेकवलं.

"गुडघा चुकलाय याचा. तेव्हाच बदलायचा होता मला," त्या म्हणाल्या.

"मग बदला की."

त्यांनी गुडघा बदलला. मग टोपीसाठी लहान करताना कुठल्या रेघा गाळायच्या यावर दोघींचं बोलणं सुरू झालं. पिसं तीनच ठेवा, डोळ्याला एकच टाका, असं वहिनी सांगत गेल्या. वन्संनी एका पिसावरून वाद घातला आणि जिंकला. चिंधीवर बगळा स्वच्छ उतरला.

ड्राइव्ह परत देताना वन्संनी विचारलं, "एवढंच राहिलंय का त्यातलं?"

"नाही. अख्खा फोल्डर आहे माझ्याकडे. तुमच्या नावाचा."

वन्सं खाली बसल्या. त्यांना वाटलं होतं की आपली चित्रं तेव्हाच पुसली गेली असतील. इथे आल्यावर पहिलं अख्खं वर्ष त्या रात्रीचा दिवस करून जुनी चित्रं आठवून आठवून पुन्हा काढत होत्या. निम्मीही जमली नाहीत.

"मागायचंत तरी," वहिनी म्हणाल्या.

"तू तरी कुठे चावी मागितलीस?"

वहिनींनी चिंधीवरच्या बगळ्याचा सुटा दोरा तोडला. मग त्या म्हणाल्या, "वन्सं, मी ते जे बोलले होते, ते खोटं होतं. दुकान दोघी ओढत होतो."

वन्संनी चष्मा काढून पदराने पुसला. ठाऊक आहे, एवढंच म्हणाल्या, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठल्या.

संध्याकाळी वहिनींनी पूर्ण फोल्डर आणून दिला. बंद पडलेल्या डिस्कचंही सांगितलं. त्यावरची फुलं-पाखरं नेमकी वन्संनी आठवून काढलेल्या चित्रांत होती. वन्संनी ती वहिनींना ड्राइव्हवर घालून दिली.

दुकानं काही पुन्हा एक झाली नाहीत. ते दोघींनाही नको होतं. पण चित्राचं काम आलं की वहिनी ते दोन गल्ल्या पलीकडे पाठवतात, आणि वन्संचं मशीन अडलं की वहिनी स्क्रूड्रायव्हर घेऊन जातात. क्लबच्या टोप्या वेळेवर गेल्या. गुडघा बदललाय हे सेक्रेटरींच्या लक्षातही आलं नाही. वहिनींनी ते वन्संना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की पोहणाऱ्यांना बगळ्याचं काय कळतंय, आणि दोघी हसल्या.