खालचं खाली

जळगावच्या भूजल कार्यालयात मी बोअरच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवत असे. तेव्हा तिथे एकच कॉम्प्युटर होता. खोदताना निघालेल्या दगडांच्या पिशव्या सांभाळणारे आबा माझ्यासमोर बसत. प्रत्येक दगडाला ते माणसासारखा स्वभाव द्यायचे. "हाऊ मोठा चिक्कू शे, ताई. पानी सोडस नई." मी इंग्रजी शाळेत शिकलेली; त्यांची अहिराणी कळली तरी बोलायचा संकोच वाटे. नुसतं हसून मी 'कठीण बसाल्ट' एवढंच टाइप करी.

नोंदी संपल्या, तशी साहेबांनी पिशव्यांची खोली नव्या कॉम्प्युटरांसाठी मोकळी करायला सांगितली. दगड फाटकाजवळच्या खड्ड्यात टाकायचे ठरले.

आबांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "बठ्ठं यामा शे?"

"हो, सगळ्यांची नावं आहेत, आबा. कोणता किती खोलवर निघाला, तेही आहे."

"आनि दगड?"

मी कॉम्प्युटर बंद केला.

दुपारी गडी पिशव्या ओतू लागले, तेव्हा त्यांना थांबवून आबा स्वतः खड्ड्यात उतरले. एकेका बोअरचे दगड ते वेगळे रचू लागले. सर्वांत खोलवरचा आधी, मग त्याच्यावरचा. जीपचा ड्रायव्हर हसला, "आबा, दगडस्ले गादी बी टाकू का?"

आबांनी मान वर केली नाही. "जे खाले व्हतं, ते खालेच पाहिजे."

संध्याकाळी त्यांनी वरून मुरूम पसरला, हाताने सपाट केला आणि त्यावर पाय न देता ते कडेकडेने फाटकाबाहेर गेले.