शेवटच्या घरापासून

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. कुणी भुताखेताचं सांगू लागलं की मी उठून जायचो. पण हे माझ्याच राउटरमध्ये घडलंय, अन् छावणीमागच्या वस्तीत इंटरनेटची कनेक्शनं मीच देतो... आता हसू कुणाला?

आमचे अण्णा, म्हणजे वडील, पाणी सोडणारे लाइनमन. दुष्काळात आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा ते गल्लीच्या टोकाचा व्हॉल्व्ह आधी उघडायचे. पुढचे बंगलेवाले शिव्या घालायचे. काय माणूस होता! कुणाच्या बापाला भ्यायले नाहीत.

मी मात्र उलटा. लाइन कमी पडली तर कुणाचं नेट आधी चालावं, याची यादी घरातल्या मुख्य राउटरमध्ये असते. माझ्या यादीत बंगले वर, अन् टोकाच्या कांबळेताई अगदी तळाला. अण्णांनी एकदा ती पाहिली अन् म्हणाले, "उलटं लावलंस रे. पुढच्याला उरतंच." मी उडवून लावलं. पुढं त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली.

गेल्या उन्हाळ्यात क्रांती चौकातल्या खोदकामात मुख्य केबल तुटली. आमच्याकडचं मोबाइल नेटवर्कही गेलं. उरली एक बारीकशी जादा लाइन. भर दुपारी मी तिथं खड्ड्यापाशी उभा होतो, केबल जोडणाऱ्यांवर खेकसत. राउटरचा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात.

संध्याकाळी घरी आलो, तर कांबळेताई दारात. दुपारी त्यांच्या मिस्टरांच्या छातीत दुखू लागलं. नर्स असलेल्या लेकीनं घरीच ईसीजी काढून डॉक्टरांना पाठवला. लगेच घेऊन या, म्हणाले.

"तुमचं नेट होतं म्हणून माझा माणूस वाचला, दादा."

माझ्या यादीप्रमाणं त्यांच्याकडं नेट पोचायलाच नको होतं. राउटर उघडला... यादी पूर्ण उलटी! कांबळे पहिले, बंगले तळाला. बदलाची वेळ दोन चाळीस. कुणी केला, ते नाव कोरं.

घरात कोण आलं होतं, आईला विचारलं. कुणीच नाय, म्हणाली. मग बोलली, "अडीचच्या पुढं ह्यांचा हात मात्र लई वेळ फिरत होता. व्हॉल्व्हची चावी फिरवावी तसा."

"कोणता हात?"

"उजवा."

इंजिनीअर मित्र म्हणतो, राउटरचा बिघाड असेल. असेलही. मग हाताचं काय? तो हात पुन्हा कधी हलला नाही. यादी मी तशीच ठेवलीय. रोज सकाळी त्या हाताला तेल लावताना विचारतो, "अण्णा, आता बरोबर लावलंय ना?"