बिननंबरची गाडी

"ड्रायव्हर लोकांनी जरा बाजूला व्हा. फोटोत फक्त मालक."

पालच्या घाटमाथ्यावर कॅमेरावाला असं म्हणाला. डोक्यावर ड्रोन भुणभुणत होता. चौदा गाड्या कमानीसारख्या लावलेल्या. प्रत्येक गाडीपुढे तिचा मालक, काळा चष्मा, हाताची घडी. मीही एका गाडीपुढे हाताची घडी घालून उभा होतो. मीही काळा चष्मा लावला होता. तो म्हणाला तसं मी मागे वळून पाहिलं, कोण ड्रायव्हर आलाय बघू म्हणून. मागे सागाचं झाड होतं. झाडाखाली कुणी नव्हतं.

मग कळलं.

ज्या गाडीपुढे मी उभा होतो ती माझी नव्हती. प्रकाशभाऊंची होती. काळी, एवढी मोठी की आत चढायला पायरी. प्रकाशभाऊ पलीकडे कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी ऐकलं, हसले, आणि कॅमेरावाल्याला म्हणाले, "अरे, तो आमच्या सालदाराचा पोरगा. घरचाच आहे." मग मला म्हणाले, "जा, सावलीत थांब पाच मिनिटं."

प्रेमानं म्हणाले. मला अजून तेच आठवतं. आवाजात काही वाईट नव्हतं.

मी सावलीत गेलो. काही वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं अंगभर झालं. झाडाच्या बुंध्यावर मुंग्यांची ओळ होती. ती मी बघत बसलो. पूजा, माझी मुलगी, त्या काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर होती. काच खाली होती. तिनं सगळं ऐकलं आणि मान खाली घालून मोबाईल बघायला लागली. मोबाईल बंद होता, हे मला झाडाखालून दिसत होतं.

आता मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. त्यात माझी अक्कल किती, तेही कळेल.

वय बावन्न. तेवीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर. याच घाटात सहा वर्षं गाडी घातली आहे. राहायला जळगावच्या पिंप्राळ्यात. माझे आबा सावद्याजवळ प्रकाशभाऊंच्या वडिलांकडे सालदार होते. सालभराची चाकरी, केळीला पाणी द्यायचं, घड उतरवायचे, आणि मालक बाहेर निघाले की बैलगाडी हाकायची. आबा जुवाजवळ बसत. मागे गादीवर मालक. मी लहान असताना एकदा रिकाम्या गादीवर जाऊन बसलो, तर आबांनी पाठीत धपाटा घातला. त्यांना घाई होती, म्हणून एकच.

तर यंदा दिवाळीत मी गाडी घेतली. पांढरी, छोटी, आधी दोन मालक झालेली. घरात मात्र कोरी असल्यासारखी हळद-कुंकू लावून घेतली. आयुष्यभर चाक फिरवलं, पण आपली गाडी म्हणून फिरवलं ते पहिल्यांदा. पहिल्या दिवशी मी गिरणा पुलापर्यंत जाऊन आलो आणि परत आल्यावर सवयीनं वेळ लिहायला कागद शोधायला लागलो. बायको दिवसभर हसली.

प्रकाशभाऊ जळगावात भेटले. गाडी बघितली, पाठीवर थाप मारली. त्यांचा एक क्लब आहे. डॉक्टर, बिल्डर, केळीचे व्यापारी. महिन्यातून एका रविवारी सगळे आपापल्या गाड्या घेऊन रांगेनं डोंगराकडे फिरायला जातात. म्हणाले, तूही ये, वहिनींना आण, पोरीला आण. गाडीवाला झालास आता.

मला बोलावलं. गाडीवाला म्हणून. मी आठवडाभर पिंप्राळ्यात ज्याला त्याला सांगितलं. मिशीला कलप लावला, तो जरा जास्त झाला. पूजा धुळ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला मुद्दाम रजा टाकायला लावली. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. ज्या लोकांच्या बरोबरीनं आबा कधी बसले नाहीत, त्यांच्या रांगेत आपला बाप आपल्या गाडीत बसलेला तिनं एकदा बघावा. एवढंच पाहिजे होतं. याहून जास्त काही नाही.

सकाळी हायवेवरच्या एका हॉटेलपुढे सगळे जमले. तिथं माझ्याकडून पहिली चूक झाली.

एसटीवाला गाडीत थेट बसत नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारतो. टायरला बुटानं ठोकतो, आवाज ऐकतो, खाली वाकून तेल गळतंय का बघतो. तेवीस वर्षांची खोड. मी माझ्या गाडीभोवती फेरी मारली आणि पाय थांबले नाहीत. शेजारच्या गाडीभोवती मारली. मग तिच्या पलीकडच्या. एका डॉक्टरांच्या मागच्या टायरात हवा कमी होती. मी त्यांना सांगितलं. सांगून गप्प बसावं की नाही? मी पंप काढला आणि गुडघ्यावर बसून हवा भरली. इस्त्रीच्या पँटीवर. मग दुसरे म्हणाले, अहो, आमचं पण बघा ना जरा. मग तिसरे. अर्ध्या तासात मी सात गाड्यांखाली वाकलो होतो आणि माझं नाव मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर नंबरांचे स्टिकर वाटले. काचेवर लावायचे, त्याच क्रमानं रांग. एक ते चौदा. मी हात पुढे केला तर प्रकाशभाऊ म्हणाले, "तुला कशाला नंबर? तू शेवटी राहा. कुणाचं काही बंद पडलं तर तू आहेसच."

मी हसलो. पूजाला म्हणालो, बघ, जबाबदारीची जागा आहे. बायको म्हणाली, "आपली गाडी बठ्ठास्ना मांगे का शे?" ती साक्रीकडची. सगळ्यांच्या मागे का, हे तिला दिसलं, आणि तिला जे दिसतं ते ती विचारते. मी तिला जुन्या हिंदी गाण्यांचा आवाज वाढवून दिला.

सावद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी प्रकाशभाऊंचं नवं शेत आहे. तिथं थांबा होता, भरताचा बेत. थंडी पडली की आमच्याकडे भरतावाचून पाहुणचार नाही. हिरवी वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर कुटायची. केळीच्या पानावर भरीत-पुरी. चाळीस माणसांचं करायचं म्हणजे चार हात पाहिजेत.

क्लबच्या बायका खुर्च्यांवर बसल्या. प्रकाशभाऊंच्या आई, अक्का, बाजेवर होत्या. त्यांनी माझ्या बायकोला ओळखलं. जवळ बोलावलं, साडीचा पदर हातात घेऊन बघितला, चांगली आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जाय बापा, जाळाकडे बघ जरा. या बाया वांगे जाळतील."

कुणी हुकूम केला नाही. त्यामुळे नाही कुठून म्हणायचं तेच कळत नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हणालो, जा. ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. तिनं नव्या साडीचा पदर खोचला आणि धुरात जाऊन बसली.

मग गाड्या घाटाकडे निघाल्या. भरीत होईपर्यंत वर पालला जाऊन फोटो काढून यायचे. प्रकाशभाऊंनी कंबर धरली. म्हणाले, वळणांनी कंबर जाते, तू घे माझी गाडी, तुझी राहू दे इथं, पोरीला पण घे मागे, बसू दे मोठ्या गाडीत. आणि किल्ली पुढे केली. ड्रायव्हरपुढे किल्ली आली की मूठ आपोआप मिटते. मिटली.

गाडी मी सुंदर चालवली. सांगायला लाज वाटते, पण चालवली. एका वळणावर तर मागे बसलेल्या वहिनी, प्रकाशभाऊंच्या मंडळी, म्हणाल्या, पाणी हललं नाही बाटलीतलं. मला बरं वाटलं. वर पोचलो, इंजिन बंद केलं, खाली उतरलो, फिरून मागे गेलो आणि वहिनींसाठी दार उघडून धरलं.

असं कुणी सांगितलं नव्हतं.

मग तो फोटो, आणि मी सावलीत.

पाच मिनिटं म्हणाले होते, वीस झाली. मुंग्या कुठं चालल्या होत्या ते काही कळलं नाही. ड्रोन खाली उतरला. लोक पांगले. पूजा गाडीतून उतरून माझ्याजवळ आली. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "पप्पा, दार का उघडलं तुम्ही?"

सवय म्हणालो असतो, पण कुणाची सवय? मी तर बसचा ड्रायव्हर. बसमध्ये कोण कुणाचं दार उघडतं?

प्रकाशभाऊ आले. "चल, भरीत थंड होईल." मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांना वाटलं, मला लघवीला जायचंय. ते थांबले. मी म्हणालो, "खाली गाडी तुम्ही न्या."

"का रे? बरं नाही का?"

"बरा आहे. मी माझ्या गाडीनं आलो होतो. तुमची चालवायला आलो नव्हतो."

एवढंच. आवाज चढला नाही. चढवायला अंगात काही नव्हतंच. ते माझ्याकडे बघत राहिले, बैल बोलल्यावर बघावं तसे. मग म्हणाले, लोकांसमोर तमाशा करू नको. लोक कुठं होते? सगळे ड्रोननं काढलेलं बघण्यात होते. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग, आणि बघायला फक्त पूजा.

आम्ही दोघं पालच्या स्टँडवर चालत गेलो. जळगावची बस लागलेली होती. स्टिअरिंगवर आमच्याच डेपोचा मित्र. मला बघून म्हणाला, "काय भो, गाडी घेतली म्हने तू. डिझेल संपलं का रस्ता?" मी म्हणालो, दोन तिकिटं पायथ्यापर्यंत. पासचं काय, तो म्हणाला. मी म्हणालो, आज तिकीट. घाटभर पूजा खिडकीबाहेर बघत होती. मागून चौदा गाड्या हॉर्न देत आल्या. मित्रानं आरशात पाहिलं आणि अख्ख्या घाटात त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याचा तो स्वभावच आहे.

पायथ्याला ते पुन्हा नंबरानं रांग लावत थांबले, म्हणून शेतावर आम्ही त्यांच्या आधी पोचलो. बायको बडगीत भरीत कुटत होती. बोटं वांग्याच्या सालींनी काळी, डोळे धुरानं लाल. मी म्हणालो, चल, घरी जायचंय. तिनं माझं तोंड पाहिलं, पूजाचं पाहिलं. म्हणाली, "फोडणी बाकी शे."

मला वाटलं, ही फोडणी घालणार. अन्न अर्धवट टाकून उठणारी बाई नाही ती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, दूध उतू गेलं तरी तिला अपराध्यासारखं होतं. ती उठली, पातेल्यावर झाकण ठेवलं, हंड्यातल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि बाजेपाशी जाऊन म्हणाली, "अक्का, फोडणी तुमी घाला."

अक्कांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तुहा बाप असा नव्हता."

मी म्हणालो, "नव्हते, अक्का. त्यांना इथून उठून जायला दुसरी जागा नव्हती."

तेव्हाच चौदा गाड्या शेतात शिरत होत्या. माझी गाडी काढायला मला चार जणांना मागे घ्यायला लावावं लागलं. मी हॉर्न वाजवला. त्यांनी घेतल्या.

घरी आलो. रात्री खिचडी. राग आला तो दोन दिवसांनी, ड्युटीवर, भुसावळच्या सिग्नलला. एवढा आला की मागच्या गाड्या वाजवायला लागल्या तरी पाय ब्रेकवरून उठेना.

आठवड्यानं प्रकाशभाऊंचा फोन आला. रागावलेले नव्हते. तेच जड जातं. म्हणाले, तू तर लहान पोरासारखा रुसलास. पुढच्या वेळी धुळ्याकडे जातोय, लळिंगला, ये. मी नाही म्हणालो. मग म्हणाले, बरं, आखाजीला तरी येशील की नाही?

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं, आखाजीला संपतं. त्या दिवशी सालदार मालकाच्या घरी जेवतो, पुढच्या सालाचा शब्द देतो. आबा जाऊन अकरा वर्षं झाली. मी एक दिवसही त्यांच्या शेतावर राबलो नाही. सरकारी पगार खातो. तरी दर आखाजीला बायकोपोरीला घेऊन त्या घरी जात होतो. ओसरीवर जेवत होतो. पाया पडत होतो. कुणी बोलावत नव्हतं, मी जात होतो. मानाचं समजत होतो. अकरा आखाज्या. पाया पडताना पूजाच्या डोक्यावर हात ठेवून तिला मीच वाकवायचो.

मी म्हणालो, "आखाजीलाही नाही. यापुढे कधीच नाही."

त्यांनी कारण विचारलं. मी दिलं नाही. कारण दिलं की ते समजावणार, आणि समजावलं की मला पटणार. माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून फोन ठेवला.

आबांनी दिलेला शब्द आबांबरोबर गेला. मी कुणाला शब्द दिलेला नाही. यापुढे माझ्याकडून काम हवं असेल तर काम म्हणून सांगावं, मी ठरवीन करायचं का नाही. पाहुणा म्हणून बोलावलं तर मी खुर्चीवर बसेन, माझी बायको खुर्चीवर बसेल. आणि मला घरचा म्हणायचा हक्क माझ्या घरातल्यांनाच. बाकी कुणी म्हटलं, तर मी तिथल्या तिथं, चारचौघांत, नाही म्हणेन.